बागेचं नाव तेच, मुळं दुसरी

फ्रान्सच्या बर्गंडी भागात, दिजाँ शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर वोन-रोमाने नावाचं गाव आहे. ‘वोन’ लिहिताना मध्ये एक ‘एस’ येतो, बोलताना तो गिळतात. (मी वर्षभर ‘वोस्ने’ म्हणत होतो.) मी तिथे गेलेलो नाही. ऑफिसात बिल्ड चालू असताना सॅटेलाइट नकाशा झूम करत करत आमची ओळख झाली.

काहीशे लोकांची वस्ती, एक चर्च, आणि गावामागे पश्चिमेला हळूहळू चढत जाणारी टेकडी. खालच्या सपाटीवरची वाइन साधी, उताराच्या मधल्या पट्ट्यातली जगातल्या सगळ्यात महागड्यांपैकी. दोन्हींमधलं अंतर पायी काही मिनिटांचं. त्या पट्ट्यात एका बुटक्या दगडी भिंतीवर क्रूस आहे आणि पाटी आहे: रस्त्यावरूनच बघा, बागेत उतरू नका. ही रोमाने-कोंती. १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही पुरती नाही.

मध्ययुगात इथली जमीन सँ-व्हिव्हाँच्या मठाकडे होती. पुढे १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने ही बाग घेतली आणि वाइन स्वतःच्या पंगतीसाठी राखून ठेवली. मग राज्यक्रांती झाली, बाग जप्त होऊन विकली गेली. गंमत म्हणजे राजपुत्राचं नाव बागेला चिकटलं ते याच सुमारास. राजेशाही नको होती, ब्रँड चालत होता! १८६६ मध्ये तर गावानेच ‘रोमाने’ आपल्या नावाला जोडून घेतलं.

पण मला अडकवलं ते १९४५ ने.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची कीड आली आणि फ्रान्सभर द्राक्षवेलींची मुळं खाऊ लागली. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधण्याचा. आपल्या नाशिककडे डॉगरिज खुंटावर कलम करतात, तसंच. कारण मात्र वेगळं. सगळा बर्गंडी कलमांवर गेला, रोमाने-कोंतीचे मालक अडून बसले. इथे जुन्या वेलीची फांदी मातीत दाबून नवी वेल करत आले होते. म्हणजे मुळांची परंपरा तुटलेली नव्हती, आणि त्यांना ती तोडायची नव्हती. किडीला आवरायला ते जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत राहिले, कितीतरी दशकं.

मग दुसरं महायुद्ध आलं. औषध मिळेना, माणसं मिळेनात. वेली खंगल्या. १९४५ च्या वसंतात दंव पडलं आणि त्या वर्षी साडेचार एकरांतून जेमतेम ६०० बाटल्या निघाल्या. तोडणीनंतर सगळ्या वेली उपटल्या.

मला तो हट्ट वेडेपणाचा वाटतो, आणि तरी उपटणाऱ्याच्या जागी मी असतो तर हात चालले नसते. आमच्याकडे जुना कोड काढून टाकताना निदान बॅकअप असतो.

१९४७ मध्ये शेजारच्या ला ताश बागेतल्या काड्या कलम करून इथे लावल्या. सीमा त्याच, भिंत तीच, नाव तेच. वेली मोठ्या व्हायला वेळ लागला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. त्याच्या पुढच्या वर्षाची बाटली मात्र कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. रोमाने-कोंतीच्या यादीत १९४५ नंतर थेट १९५२ येतं.