निकेलचे माहेर

वनस्पतीतल्या रसायनांपासून धातूंच्या उत्प्रेरकांनी इंधन बनवण्याचा इतिहास सहसा पेट्रोलियमपासून सांगतात: उत्प्रेरक घडले खनिज तेलासाठी, आणि हवामानबदलाची काळजी वाढल्यावर तेच वनस्पतींकडे वळवले. मला हा क्रम उलटा वाटतो. या विद्येतला सर्वांत कामसू धातू निकेल, आणि त्याचे माहेर खाद्यतेलाच्या आणि साबणाच्या कारखान्यात आहे.

1897 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला पॉल साबातिए आणि जाँ-बातिस्त सांदेराँ यांनी इथिलीन आणि हायड्रोजन निकेलच्या बारीक भुकटीवरून सोडले; हाती इथेन आला आणि निकेल जसेच्या तसे राहिले. साबातिएंना 1912 चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. पण त्यांची रीत वायूंची आणि वाफांची होती, आणि तेलाची वाफ करायला गेले तर ते आधीच विघटित होते. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलची भुकटी थेट पातळ तेलात कालवली, त्यातून हायड्रोजन सोडला आणि 1902 मध्ये पेटंट घेतले. तेल घट्ट होऊ लागले. 1911 मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून क्रिस्को नावाचे वनस्पती तूप निघाले. 1930 च्या दशकात मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले, तेच पुढे घरोघरी डालडा म्हणून पोचले. टेनेसीतले मरे रेनी हे यंत्र अभियंते. सरकीच्या तेलासाठीच अधिक चांगले निकेल शोधताना त्यांनी निकेल आणि ॲल्युमिनियम निम्मे-निम्मे वितळवले आणि त्या मिश्रधातूतले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढले. मागे राहिले स्पंजासारखे सच्छिद्र निकेल. हे पेटंट 1927 चे. इंधनाचा विचारही तेव्हाच झाला होता: साबातिएंचे सहकारी आल्फाँस माय्य यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पती तेलांपासून पेट्रोलसारखे द्रव काढले. ते मागे पडले, कारण खनिज तेल स्वस्त होते. विज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. तेलाचा पुरवठा तुटला तेव्हा, दुसऱ्या महायुद्धात, चीनने तुंगच्या तेलापासून मोटारींचे इंधन काढलेच.

यावर रास्त आक्षेप असा, की तेलात हायड्रोजन जोडणे वेगळे आणि त्यातला ऑक्सिजन काढणे वेगळे. वनस्पती तेलात वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो, तर साखरेपासून मिळणाऱ्या सॉर्बिटॉलमध्ये निम्म्याहून अधिक. तो काढल्याशिवाय खरे डिझेल होत नाही, आणि फिनलंडमधल्या पोर्वो इथे 2007 मध्ये नेस्टे कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर सुरू केले ते तेलशुद्धीकरणाच्या अनुभवावर. हे मला मान्य आहे. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून विमानाचे इंधन बनवले, 27 ऑगस्ट 2018 रोजी त्याच्या मिश्रणावर देहरादून ते दिल्ली विमान उडाले. हेही पेट्रोलियमच्याच संस्थेचे यश. पण उसन्या उत्प्रेरकांची किंमत मोजावी लागते. कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे किंवा निकेल-मॉलिब्डेनमचे सल्फाइड टिकते ते खनिज तेलातल्या गंधकावर. वनस्पती तेलात गंधक जवळपास नसतोच. म्हणून तो बाहेरून पुरवावा लागतो, एरवी उत्प्रेरक मंदावतो. शिवाय ऑक्सिजन निघताना पाणी तयार होते, आणि गरम पाण्यात उत्प्रेरकाखालचा ॲल्युमिनाचा आधार खचत जातो. या अडचणी येतात त्या वनस्पतीला हलक्या प्रतीचे पेट्रोलियम समजल्यामुळे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ऑक्सिजन काढायला लागणारा हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून येतो, मग हे इंधन वनस्पतीचे कसे? विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने 2002 मध्ये प्लॅटिनमवर, पाण्यात विरघळलेल्या साखरेपासूनच हायड्रोजन काढून दाखवला. प्लॅटिनम महाग, म्हणून 2003 मध्ये त्यांनी स्वस्त धातू निवडला: रेनी यांचे तेच स्पंजी निकेल. एकटे निकेल मात्र हायड्रोजन बाहेर पडू देत नाही. कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ घालून मिथेन बनवते. थोडे कथील मिसळल्यावर ही खोड आवरली. निकेलची ही खोड साबातिए आणि सांदेराँ यांनी 1902 मध्येच प्रसिद्ध केली होती.