हृदयाचे आवरण आणि एका चुकीच्या नावाचा इतिहास



नाव कळले म्हणजे वस्तू कळली असे नव्हे, हा शाळेतला धडा वैद्यकाच्या इतिहासातही पुनःपुन्हा गिरवावा लागला. आजचा विषय त्याचेच उदाहरण आहे.

हृदयाभोवती दुपदरी आवरण असते. त्याच्या पदरांमध्ये सामान्यतः चार-सहा चमचे पातळ द्रव असतो. तो वाढला तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही. हे रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्याने 1669 सालीच लिहून ठेवले. श्वास आत घेताना नाडी क्षीण होते, या खुणेचे नामकरण कुसमाउल यांनी 1873 साली केले. पुढे 1913 च्या सुमारास जर्मनीत, जाड होऊन आवळलेले आवरण शस्त्रक्रियेने काढण्याचे धाडस झाले. एव्हाना रॉबर्ट कॉख यांच्या 1882 च्या शोधामुळे क्षयाचा जंतू ओळखीचा झाला होता, आणि आपल्या देशात या आवरणाचा मोठा शत्रू क्षयच ठरला.

दुसरी कथा फिरखो यांची. 1854 साली त्यांनी मेंदूतील काही सूक्ष्म कणांवर आयोडीन टाकले. रंग निळसर आला, गंधकाम्लाने जांभळा झाला. पदार्थ पिष्टासारखा असावा असे समजून त्यांनी त्याला ‘अमिलॉइड’ म्हटले. पाचच वर्षांनी, 1859 साली, फ्रीड्राइख आणि केकुले यांनी अशा साठ्याचे पृथक्करण करून तो पिष्ट नसून प्रथिनासारखा असल्याचे दाखविले. नाव मात्र तसेच राहिले. 1922 साली बेनहोल्ड यांनी काँगो-रेड हा रंग या कामी आणला. 1959 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यातील बारीक तंतू दाखविले. 1971 साली ग्लेनर यांनी सिद्ध केले की, एका प्रकारात हे तंतू शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांच्या तुकड्यांपासून बनतात. दुसऱ्या प्रकारात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुळाशी असते.

या दोन कथा एकाच रोग्याच्या छातीत भेटतात. अमिलॉइड हृदयाच्या स्नायूत साठते, तसे आवरणातही साठते. आवरणात पाणी जमते. बहुधा ते थोडे असते आणि प्राणघातक दाब क्वचितच येतो. परंतु येतो तेव्हा नेहमीच्या खुणा फसवतात. हृदयाच्या उजव्या कप्प्यांतील दाब आधीच चढलेला असल्याने त्यांची भिंत बाहेरच्या दाबाने आत दबत नाही, आणि नाडीची ती प्रसिद्ध खूणही उमटेलच असे नाही. फायगेनबाउम यांनी 1965 पासून रूढ केलेल्या ध्वनिलहरींच्या तपासणीत पाणी दिसते. पण पाण्यामागे कडक झालेला स्नायू आहे, हे तपासणाऱ्याच्या ध्यानी यावे लागते. भिंत जाड आणि विद्युत्-आलेखातील रेषा मात्र खुज्या, ही विसंगती त्याची सूचना देते.

आपल्या भागाला हा इतिहास का सांगावा? 1956 साली जुना बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. रोग्याला ही सीमा मान्य नव्हती. निर्ण्याच्या परिसरातला माणूस हुमनाबादचा रस्ता धरून सोलापूरला किंवा हैदराबादला जात राहिला. सोलापूर आणि गुलबर्गा येथे वैद्यकीय महाविद्यालये 1963 साली निघाली. बिदरला शासकीय महाविद्यालय 2007 साली आले. दीर्घ प्रवासानंतर मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाच्या हृदयाभोवती पाणी दिसले, तर प्रथम क्षयाचा विचार होणे स्वाभाविक आहे, योग्यही आहे. क्षय बरा होतो. तो नजरेतून सुटणे अक्षम्य. मात्र तिथेच विचार थांबला, तर अमिलॉइडचा रोगी महिनोन्महिने निष्फळ औषध घेतो.

योगायोग असा की, क्षय आणि कुष्ठ यांसारखे जुनाट रोगही एका वेगळ्या प्रकारच्या अमिलॉइडला कारण होतात. तो मुख्यतः मूत्रपिंडावर आघात करतो, हृदयावर क्वचित. म्हणजे एकाच नावाखाली निरनिराळे विकार आणि निरनिराळे उपचार. आवळलेले आवरण काढल्यास क्षयाचा रोगी सुधारू शकतो. स्नायूच कडक असेल तर केवळ आवरण काढून हृदय सैल होत नाही. निदानातील हा भेद जीवनमरणाचा आहे.

आज मार्ग पूर्वीइतका अंधारा नाही. रक्त व लघवीची तपासणी आणि हाडांसाठीचे किरणोत्सारी छायाचित्रण यांच्या जोडीने, 2016 पासून, ट्रान्सथायरेटिन प्रकाराचे निदान अनेकदा हृदयाचा तुकडा न काढता होते. त्याची गती मंदावणारे टॅफॅमिडिस हे औषध अमेरिकेत हृदयविकारासाठी 2019 साली मान्य झाले. मात्र ते फार महाग. म्हणून लवकर संशय येणे, हेच आपल्या हातातले मोठे साधन. दोन्ही मनगटांत मुंग्या, सुजलेले पाय, चालताना धाप, जाड झालेली जीभ: या तक्रारी वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या एकाच डॉक्टरापुढे, एकत्र सांगाव्यात.

फिरखो यांचे नाव चुकले, पण निरीक्षण खरे होते. पुढच्या पिढ्यांनी निरीक्षण जपले आणि अर्थ दुरुस्त केला. गुरूचे ऋण असेच फेडावयाचे असते.