गॅस सिलिंडरची सुरक्षा : रेग्युलेटर काय करतो आणि काय करत नाही

बंगळुरूच्या व्हाइटफील्ड परिसरातील रामेश्वरम कॅफेमध्ये १ मार्च २०२४ रोजी स्फोट झाला, तेव्हा अग्निशमन केंद्राला पहिली वर्दी मिळाली ती सिलिंडरच्या स्फोटाची. हा स्फोट आयईडीचा असल्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्याच दिवशी स्पष्ट केले. उपाहारगृहातील स्फोट म्हटला की संशय प्रथम सिलिंडरवर जातो. प्रत्यक्षात सिलिंडरच्या नावे नोंदल्या जाणाऱ्या अनेक दुर्घटनांत पोलादी टाकी शाबूत राहते. पेट घेतो तो गळून हवेत मिसळलेला वायू.

एलपीजी म्हणजे दाबाखाली द्रवरूप केलेले प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. सामान्य तापमानाला सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते ७ किलो असतो. घरगुती शेगडीला मात्र सुमारे ३० मिलिबार, म्हणजे त्याच्या जवळपास दोनशेवा भाग एवढाच दाब लागतो.

हा दाब उतरवण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्यात एक लवचीक पडदा आणि स्प्रिंग असते. शेगडी मंद केली की नळीकडील दाब वाढून पडदा उचलला जातो व झडप मिटू लागते; वापर वाढला की स्प्रिंग ती पुन्हा उघडते. त्यामुळे ज्योत स्थिर राहते.

मात्र नळीला चीर पडली किंवा दूध उतू जाऊन ज्योत विझली, तर बाहेर पडणारा वायू आणि शेगडीत जळणारा वायू यांतील फरक साध्या रेग्युलेटरला कळत नाही. म्हणूनच काम संपल्यावर शेगडीबरोबर रेग्युलेटरही बंद करणे आवश्यक असते.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असताना एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. या वायूला स्वतःचा वास नसल्याने त्यात इथाइल मर्केप्टन हे उग्र गंधाचे द्रव्य मिसळतात. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही. सिलिंडर उभाच ठेवावा आणि आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलावी.

सिलिंडरच्या कड्याजवळील पट्टीवर पुढील चाचणीची मुदत असते. ‘ए’ ते ‘डी’ ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात, पुढील अंक वर्ष. ‘सी-२८’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२८. मुदत उलटलेला सिलिंडर स्वीकारू नये.

नळाने येणाऱ्या वायूचे गणित वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळपासून बंगळुरूपर्यंत गेलेल्या वाहिनीतील नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे साचतो. तेथे वायुवीजन वरच्या बाजूस हवे.

सिलिंडरची निर्मिती, भरणा व साठवण यांचे नियमन ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’नुसार होते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. स्वयंपाकघरातील रोजची तपासणी मात्र वापरणाऱ्यालाच करावी लागते.