‘टोसी’ची कुळकथा

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन औषधांची नावं अखंड फिरत होती. एक रेमडेसिविर, दुसरं टोसी. ‘४०० एमजीची एक व्हायल तातडीने हवी, कुठेही असेल तर कळवा.’ चिठ्ठी घेऊन नातेवाईक एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये पळत होते. टोसी म्हणजे टोसिलिझुमॅब. गंमत अशी की हे औषध विषाणूला हातही लावत नाही आणि ते करोनासाठी बनलेलंही नव्हतं. त्याचं मूळ घराणं सांधेदुखीचं, आणि कुळाचा माग काढायचा तर त्याहून बराच मागे, पाउल एर्लिशपर्यंत जावं लागतं.

एर्लिश हा जर्मन डॉक्टर रंगांच्या नादाने पेशींकडे वळला होता. एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे त्याने पाहिलं होतं. १८९७मध्ये त्याने मांडलं की पेशीच्या अंगावर ‘बाजूच्या साखळ्या’ असतात आणि विष त्यांना अडकलं तरच बाधतं. १९००मध्ये या साखळ्यांना त्याने ‘रिसेप्टर’ हे नाव दिलं. आपल्याकडे त्याला ‘ग्राही’ म्हणतात. पुढे पाचच वर्षांत केंब्रिजच्या लँगलीने कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे यांचे प्रयोग केले. निकोटिनने स्नायू आखडायचा, क्युरारेने सैल पडायचा. मज्जातंतू निकामी झालेला असला तरी हा खेळ चालूच राहायचा. म्हणजे दोन्ही द्रव्यं खुद्द स्नायूवरच्याच कशावर तरी बसत होती. ग्राही कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण तो मानल्याशिवाय हिशेब जुळत नव्हता.

आता हाच ग्राहीचा धागा धरून जपानातल्या ओसाकाला. तिथले संशोधक तादामित्सु किशिमोतो १९७०च्या दशकापासून एका द्रव्याच्या मागे होते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी काहीतरी सोडतात आणि त्यामुळे बी-पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात, एवढंच ठाऊक होतं. १९८६मध्ये त्यांचे सहकारी तोशियो हिरानो यांनी त्या द्रव्याचं जनुक वेगळं केलं. तेव्हा उघड झालं की यकृतावर काम करणारे आणि रक्ताच्या कर्करोगावर काम करणारे आपापल्या नावांनी याच प्रथिनाचा पाठलाग करत होते. सगळी नावं मोडून ‘इंटरल्यूकिन-६’ हे एक नाव राहिलं.

हे प्रथिन काय करू शकतं, ते हृदयातल्या एका गाठीने दाखवलं. मिक्झोमा ही गाठ कर्करोगाची नसते, पण ती असलेल्या काही रुग्णांना ताप येतो, सांधे दुखतात, रक्तात दाहाची खूण असलेला सीआरपी चढतो. गाठ काढली की सगळं जिथल्या तिथे. ओसाकाच्या गटाला या गाठीच्या पेशी भरभरून इंटरल्यूकिन-६ बनवताना आढळल्या. करोनात घराघरांत पोचलेला तो सीआरपी यकृत बनवतं, आणि यकृताला तसा हुकूम मुख्यतः इंटरल्यूकिन-६ देतं. आमवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यातही तेच खच्चून भरलेलं निघालं.

१९८८मध्ये त्याचा ग्राही सापडला आणि एक कोडं घेऊन आला. ग्राहीचं पेशीच्या आतलं शेपूट इतकं तोकडं, की बाहेरचा निरोप आत पोचवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग कळलं की निरोप आत नेणारं दुसरंच प्रथिन आहे, जीपी-१३०. दाराचा कडी-कोयंडा डोळ्यांपुढे आणा. इंटरल्यूकिन ही कडी, ग्राही हा कोयंडा. कडी कोयंड्यात बसली की दोघं मिळून जीपी-१३०ला धरतात आणि मगच पेशी हलते. हा कोयंडा यकृताच्या आणि काही पांढऱ्या पेशींवर असतो. शिवाय तो सुटा होऊन रक्तात आणि सांध्यातल्या पाण्यातही तरंगतो. जीपी-१३० मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं. त्यामुळे सुटा कोयंडा कडीसकट कुठेही जाऊन चिकटतो. एकट्या इंटरल्यूकिनने अंगभर आग कशी लागते, त्याचं उत्तर इथे मिळालं.

उपाय सरळ होता. कोयंड्यात आधीच काडी खुपसून ठेवायची. उंदराच्या पेशींपासून तसं प्रतिपिंड तयारही झालं, पण उंदराचं प्रथिन माणसाचं शरीर परकं म्हणून फेकून देतं. १९८६मध्येच केंब्रिजच्या ग्रेग विंटर यांनी यावर तोड काढली होती. प्रतिपिंडाची फक्त पकडणारी टोकं उंदराची ठेवायची, बाकी सांगाडा माणसाचा. चुगाई ही जपानी कंपनी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ यांनी त्याच रीतीने टोसिलिझुमॅब घडवलं. ‘मॅब’ म्हणजे एकाच साच्याचं प्रतिपिंड, ‘झु’ म्हणजे मानवी रूप दिलेलं. कूळ नावातच लिहिलेलं आहे.

जपानने २००५मध्ये ते कॅसलमन नावाच्या, गाठी येणाऱ्या दुर्मीळ आजारासाठी मंजूर केलं, २००८मध्ये आमवातासाठी. मग २०१२मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाची सहा वर्षांची एक मुलगी कार-टी पेशींच्या, म्हणजे कर्करोगावर सोडण्यासाठी बदललेल्या टी-पेशींच्या, उपचारानंतर व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात इंटरल्यूकिन-६ अफाट वाढलेलं. उपचाराचे प्रमुख कार्ल जून यांना टोसी माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता. औषध दिलं आणि काही तासांत ताप उतरू लागला. भडकलेली प्रतिकारशक्ती टोसीने शमते, हे डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं. करोनात टोसी आठवलं ते म्हणूनच.

पण त्याची खरी किंमत ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने मोजली. ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त, असे ४,११६ रुग्ण. २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांवर ३५ टक्के दगावले, जोडीला टोसी मिळालेल्यांत ३१ टक्के. शंभरात चार. फायदा खरा, पण तो नेमक्या रुग्णाला नेमक्या वेळी. ज्या बाटलीसाठी लोकांनी दागिने मोडले ती संजीवनी नव्हती.

शंभर मिलीच्या सलाइनमध्ये, फेस होऊ न देता हलकेच मिसळून, तासाभरात शिरेतून सोडायचं असं हे औषध आज आमवातासाठी अनेक जण घेतात. त्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. कोयंड्यात काडी अडकली की खऱ्या जंतुसंसर्गातही सीआरपी चढेलच असं नाही, ताप दबून राहू शकतो. सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात तीही संसर्गाच्या धास्तीनेच. तेव्हा टोसीवर असताना खोकला रेंगाळला, जखम चिघळली, अंग मोडून आलं, तर ‘ताप तर नाही’ म्हणून घरी बसू नका.