पानावरील वस्ती

झाड रोगी पडलें कीं त्याचा एक गुन्हेगार हुडकून काढावयाचा, ही वनस्पतिरोगशास्त्राची जुनी रीत. तिला यशही मोठें लाभलें. १८६१ सालीं जर्मनींत डी बारी यांनीं बटाट्याचे मळे काळे पाडणारी बुरशी उजेडांत आणली. १८८० च्या सुमारास अमेरिकेंत थॉमस बरिल यांनीं नासपतीचा ‘फायर ब्लाइट’ हा रोग जंतूमुळें होतो असें दाखविलें. ह्या रोगांत आगीनें होरपळल्याप्रमाणें फांद्या करपून जातात. जंतु माणसांना व गुरांना पछाडतात, पण वनस्पतींनाही पछाडतात हें युरोपांतील कित्येक पंडितांना त्यानंतरही बरींच वर्षें पटत नव्हतें!

परंतु ह्या रीतींत एक वैगुण्य होतें. नजर गुन्हेगारावर खिळल्यामुळें त्याच्या शेजाऱ्यांची विचारपूस कोणीं केली नाहीं. टवटवीत, निरोगी दिसणाऱ्या पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत जंतु नांदत असतात. ह्या वसाहतीला ‘फिलोस्फिअर’ हें नांव मिळालें तेंही १९५५-५६ सालीं, लास्ट आणि रुइनेनबाई ह्या दोन संशोधकांकडून, स्वतंत्रपणें. ही वस्ती झाडाच्या सुखदुःखांत कसा हात घालते, तें कळलें मात्र एका अपघातानें.

अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील पॉल हॉप हे मक्याच्या एका बुरशीचा अभ्यास करीत असत. रोगट पानें वाळवून त्यांची पूड करावी आणि पुढल्या हंगामांत ती नव्या रोपांवर टाकून रोग कितपत जडतो तें पाहावें, असा त्यांचा परिपाठ होता. १९६१ सालीं अवचित कडाक्याची थंडी पडली. पाहतात तों पूड टाकलेलीं रोपें गोठून गेलेलीं, आणि शेजारचीं बिनपुडीचीं रोपें धडधाकट! बुरशीचा आणि गोठण्याचा संबंध काय? हें कोडें दहा-बारा वर्षें तसेंच राहिलें. मग विस्कॉन्सिन विद्यापीठांत आर्नी, अपर आणि त्यांचा तरुण विद्यार्थी स्टीव्हन लिंडो यांना त्या पुडींत ‘सुडोमोनस सिरिंगी’ नांवाचा जंतु सांपडला. खरा अपराधी तो होता.

येथें जरा खोलांत शिरलें पाहिजे. पाणी शून्य अंशावर गोठतें असें आपण शाळेंत शिकतों, पण तें अर्धसत्य आहे. बर्फाचा पहिला कण बसावयास आधार नसेल, तर पानावरील पाणी शून्याखालीं ५ अंशांपर्यंत, आणि कधीं त्याहूनही खालीं, पातळच राहतें. ह्या जंतूच्या अंगावरील एक प्रथिन पाण्याच्या कणांना बर्फाच्या घडणींत ओळीनें बसवितें. त्यामुळें उणे २ अंशांवरच गोठण्यास सुरुवात होते. बर्फानें पानाच्या पेशी फुटल्या कीं आंतील रस जंतूंना आयताच मिळतो. म्हणजे ज्याला आपण थंडीचा प्रकोप म्हणत होतों, त्यांत निम्मा वांटा पानावरील रहिवाशांचा होता.

पुढें बर्कलेस गेल्यावर लिंडो यांनीं ह्या जंतूंतून तें प्रथिन घडविणारा जनुक काढून टाकला आणि अशा निरुपद्रवी जंतूंनीं पानावरील जागा आधींच अडवावी, अशी योजना आंखली. ती साधी दिसते, पण तिच्यावरून केवढें काहूर उठलें! जेरेमी रिफ्किन प्रभृतींनीं न्यायालय गाठलें. १९८४ सालीं न्यायाधीश सिरिका यांनीं प्रयोग थांबविला. त्यांतच ज्या कंपनीला ह्या जंतूचा व्यापार करावयाचा होता, तिनें परवानगीवांचून तो उघड्यावरील झाडांत टोंचल्याचें बाहेर आलें. लोकांचा संशय निराधार होता असें म्हणण्याची सोय त्यामुळें राहिली नाहीं. अखेर एप्रिल १९८७ मध्यें कॅलिफोर्नियांत ब्रेंटवुड येथें स्ट्रॉबेरीच्या शेतावर फवारणी झाली. फवारणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना नखशिखांत संरक्षक पोशाख घालावा लागला, आणि त्यांचीं तीं छायाचित्रें सर्वत्र झळकलीं. आदल्या रात्रीं कोणीं तरी शेतांत शिरून बरींच रोपें उपटून टाकलीं होतीं. तरीही प्रयोग झाला. हानीही कोणाची झाली नाहीं. पण तो जंतु बाजारांत कधींच आला नाहीं. बर्फ न घडविणारे त्याचे भाऊबंद निसर्गांत पूर्वीपासून आहेत, हें त्या गदारोळांत फारसें कोणाच्या कानीं पडलें नाहीं.

योजनेंतील तत्त्व मात्र फुकट गेलें नाहीं. पानांवर नैसर्गिकपणें वाढणारा, जनुकांस हात न लावलेला ‘सुडोमोनस फ्लुओरेसेन्स’ जातीचा ‘ए ५०६’ हा जंतु पुढें बाजारांत आला. नासपतीच्या व सफरचंदाच्या बागांत तो थंडीसाठीं तर वापरतातच, शिवाय बरिल यांच्या त्या जुन्या ‘फायर ब्लाइट’साठींही वापरतात. त्या रोगाचा जंतु फुलाच्या कुक्षीवर आधीं वाढतो व मग आंत शिरतो. तेथील जागा व अन्न ‘ए ५०६’नें अगोदर बळकावलें, तर त्याची वाढ खुंटते. हा पाहुणा स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाहीं. म्हणून बागाईतदार दोन्ही मिळून वापरूं शकतात. फवारणी फुलें उमलूं लागतांच करावी लागते. रोगजंतूनें एकदां आंत पाऊल टाकल्यावर तिचा कांहींएक उपयोग होत नाहीं.