नाव तेवढं माझं



पूर्वी एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात 'सदाबहार गाणी' नावाच्या कॅसेट मिळायच्या. एकाच गायिकेची आधी गाजलेली गाणी निवडून कंपनी ती पुन्हा एकत्र विकायची. इंग्रजी गाण्यांच्या बाजारात याला 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणतात. अमेरिकेत 1958 साली जॉनी मॅथिस या गायकाचा असा अल्बम निघाला, तो वर्षानुवर्षं खपला आणि मग ही रीतच पडली. गाणी तयार असतात, नवा खर्च थोडा असतो आणि गिऱ्हाईक नाव वाचूनच घेतं. म्हणजे अशा अल्बमची खरी किंमत वेष्टनावरच्या नावात असते.

आज अशाच एका अल्बमची आणि त्यावरच्या नावाची गोष्ट सांगते. अल्बमचं नाव 'सिम्प्ली द बेस्ट', साल 1991, गायिका टीना टर्नर. त्यात 18 गाणी. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या 20 लाखांहून जास्त प्रती खपल्या.

टीनाचा जन्म 1939 सालचा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला. नटबुश हे तिचं गाव, कापसाचा मुलूख. काळ्या वर्णाच्या कष्टकरी माणसांची वस्ती. लहानपणी तिनेही शेतात कापूस वेचला. आईवडिलांचं पटलं नाही, ती आजीकडे राहिली. तिचं खरं नाव अ‍ॅना मे बुलक. वयात आल्यावर ती सेंट लुईस शहरात आईकडे गेली आणि तिथे आयक टर्नर या वादकाच्या बँडमध्ये गाऊ लागली.

1960 साली तिचं पहिलं गाजलेलं गाणं आलं, तेव्हा आयकने तिचं नाव बदलून 'टीना टर्नर' केलं. त्यांचं लग्न व्हायला अजून दोन वर्षं होती, पण आडनाव आधीच लावून टाकलं. आणि ते नाव त्याने कायद्याने आपल्या मालकीचं म्हणून नोंदवलं. हेतू असा, की ही बाई सोडून गेली तर दुसरीला 'टीना' म्हणून उभं करता यावं. आपल्याकडेही लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची रीत आहे. पण ते नाव निदान तिचं तरी होतं. इथे नावही तिचं नव्हतं.

पुढची सोळा वर्षं ती गायली, नाचली. पैसा आयकच्या हातात. मारहाण नित्याची. हे सगळं तिने स्वतः 1986 साली आत्मचरित्रात उघड सांगितलं. 'रिव्हर डीप, माउंटन हाय' हे 1966 सालचं तिचं गाणं घ्या. निर्मात्याने आयकला मुद्दाम लांब ठेवून ते एकट्या टीनाकडून गाऊन घेतलं. तरी तबकडीवर नाव छापलं ते 'आयक आणि टीना टर्नर'. 1973 साली तिने आपल्या गावावर स्वतः गाणं लिहिलं, 'नटबुश सिटी लिमिट्स'. तेही जोडनावानेच निघालं.

जुलै 1976. डॅलस शहरात कार्यक्रम होता. वाटेत पुन्हा मारहाण झाली. आयक झोपल्यावर ती हॉटेलातून निघाली आणि रहदारीचा महामार्ग ओलांडून समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ 36 सेंट होते. आपल्या भाषेत सुट्टे पैसे. तिथल्या व्यवस्थापकाने तिला खोली दिली.

1978 साली घटस्फोट झाला. मालमत्तेसाठी भांडत बसले तर सुटका लांबेल, हे तिने ओळखलं. बहुतेक सगळ्यावर पाणी सोडलं. रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणीही तिच्या अंगावर आली. पण एका गोष्टीवर ती अडून बसली. 'टीना टर्नर हे नाव माझ्याकडे राहील.' आणि ते तिला मिळालं.

कुणाला वाटेल, नुसत्या नावाने काय पोट भरतं? पण हिशेब करून बघा. घर गेलं तर दुसरं होतं. सोळा वर्षं घाम गाळून लोकांच्या तोंडी बसवलेलं नाव पुन्हा मिळत नाही. त्याच नावावर तिने हॉटेलांतून कार्यक्रम करून कर्ज फेडलं. 1984 साली 'प्रायव्हेट डान्सर' अल्बम आला आणि त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा ती 44 वर्षांची होती.

आता 1991च्या त्या अल्बमकडे परत या. त्यातली बरीच गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली. ज्या 'द बेस्ट' गाण्यावरून अल्बमला नाव पडलं, तेसुद्धा आधी बॉनी टायलर या गायिकेने गायलेलं. टीनाचं काय, तर आवाज आणि नाव. 'रिव्हर डीप' त्यात आहे. 'नटबुश'ही आहे, पण जुनं रेकॉर्डिंग न घेता तिने ते नव्याने गायलं. ज्या गावात ती अ‍ॅना मे म्हणून वाढली, त्या गावाचं गाणं आता तिच्या एकटीच्या नावाखाली होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने आयक आणि टीनाचा जोडीने सन्मान केला होता. त्या समारंभाला ती गेली नाही. 2021 साली त्याच संस्थेने तिचा एकटीचा सन्मान केला. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत कंपनीने तिच्या गाण्यांतल्या हक्कांबरोबर तिचं नाव वापरायचा हक्कही विकत घेतला. कोर्टात मागून घेतलेलं ते नाव, त्याची किंमत आता बाजार मोजत होता. 2023 साली, 83व्या वर्षी ती गेली.

मैत्रिणींनो, मसाला आपण कुटतो, पापड आपण लाटतो. पाकिटावर नाव कुणाचं आहे? व्यापारी आपला माल त्याच्या छापाच्या पिशवीत विकत असेल, तर गिऱ्हाईक त्याला ओळखणार, आपल्याला नाही. गटाने स्वतःचं नाव ठेवलं असेल, तर त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली आहे का? आणि झाली असेल तर ती गटाच्या नावाने आहे, की मदत करणाऱ्या कुणाच्या? पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत हे प्रश्न लिहा, आणि उत्तरं मिळेपर्यंत पान उलटू नका.