धुराची साक्ष

संप मिटल्यावर गिरणीच्या धुराड्यातून पुन्हा धूर निघाला, की गिरणगावातल्या माणसाला घरात दिवा लागल्यासारखे वाटे. कामगाराचे आणि धुराचे नाते असे जुने आहे. या धुराने आमची चूल पेटवली आणि आमची छातीही पोखरली. श्रोतेहो, या नात्याचा एक छोटासा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, आणि त्याची सुरुवात आपल्याच भाईंदरातल्या एका जुन्या पिकअप गाडीपासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी एक चालक आमच्याकडे आला. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतून तो घोडबंदर रस्त्याने ठाण्याला माल नेत असे. गाडी काळा धूर सोडते म्हणून वाटेत दंड झाला, आणि मालकाने तो त्याच्या पगारातून कापला. त्याने विचारले, "भाऊ, गाडी मी चालवतो हे खरे, पण धूर मी करतो का?" प्रश्न साधा होता. उत्तरासाठी मात्र शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

धुराच्या रंगावरून आगीची परीक्षा करण्याची विद्या बॉयलरपाशी जन्मली. 1888 च्या सुमारास पॅरिसच्या प्राध्यापक रिंगेलमान यांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आखून धुराच्या काळेपणाला क्रमांक दिले. कागद दूर धरला की रेघा एकमेकींत मिसळून करड्या छटा दिसत आणि त्यांच्याशी धुराड्याचा धूर ताडून पाहता येई. आपल्या मुंबई इलाख्यात 1912 साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. धूर किती निघेल हे पुष्कळदा कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याच्या हातावर असे. परंतु कोळसा कोणता आणायचा आणि बॉयलर किती ताणायचा हे ठरवणारा हात दुसराच असे.

पुढे धूर धुराड्यातून रस्त्यावर उतरला. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले तेल पेट घेते. 1927 पासून बॉश कंपनीचे तेल फवारणारे पंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि हे इंजिन मालमोटारीत बसणे सोपे झाले. आपल्याकडे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स 1946 साली खडकीत उभी राहिली. बंगलोरच्या मायको कंपनीची स्थापना 1951 ची. आणि 1954 साली टेल्कोने जर्मन सहकार्याने जमशेदपुरात मालमोटारी बांधायला घेतल्या. 1988 साली टाटामोबाईल आली आणि छोट्या व्यापाऱ्याच्याही दारात डिझेलची पिकअप उभी राहू लागली.

या इंजिनाबरोबर जुनी विद्या नव्या माणसाकडे आली. आगवाल्याच्या जागी गॅरेजचा मिस्त्री आला. त्याच्या लेखी धुराचे तीन रंग आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर तुंबला, नोझल गळते, पंपातून डिझेल वाढवून घेतले, किंवा गाडीवर भार फार झाला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते: रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑईल उतरते. पांढरा धूर थंडीच्या सकाळी क्षणभर दिसला तर चिंता नाही. तो टिकला आणि डोळ्यांना झोंबला तर डिझेल न जळताच बाहेर पडते. टायमिंग चुकले असेल किंवा कॉम्प्रेशन उतरले असेल. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा.

सरकारनेही मोजमाप आणले. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम दाबून धूर मोजण्याची रीत घातली. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज एकक. या मापात शून्य म्हणजे स्वच्छ हवा आणि 100 म्हणजे प्रकाश मुळीच आरपार न जाणे. यंत्र आकडा सांगते. दोष कुणाचा हे ते सांगत नाही, आणि आमच्या चालकाचा प्रश्न तर नेमका तोच होता.

म्हणून आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन गाडीपाशी गेलो. त्यांनी स्वस्तातली तपासणी आधी केली. एअर फिल्टर काढला, तर तो भांडी पॉलिश करणाऱ्या गाळ्यांतल्या काळ्या भुकटीने गच्च भरलेला. नवा घालताच धूर बराच हटला. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला केला. तिसऱ्यापाशी उरलासुरला काळा धूरही थांबला. गळके नोझल सापडले. (ही रीत जुन्या पंपाच्या गाडीपुरतीच, आणि तीही जाणत्या हातांनी करायची. नव्या गाड्यांतला डिझेलचा दाब कातडी भेदून आत जातो.)

आम्ही विजयाने मालकाकडे पाहिले. तेवढ्यात मिस्त्री चालकाला म्हणाले, "आणि बाबा, गायमुखच्या चढावर तू गिअर उतरवत नाहीस, इंजिन कण्हत असते, तेव्हाही ती काळीच ओकणार." चालकाने मान खाली घातली. आम्हीही घातली, कारण आमचा माणूस सर्वस्वी निर्दोष, असे गृहीत धरूनच आम्ही गेलो होतो. हिशेब मात्र स्पष्ट झाला. फिल्टर आणि नोझल मालकाचे, गिअर चालकाचा. मालकाने कापलेले पैसे परत दिले, आणि चालकाने चढावर गिअर उतरवण्याचे कबूल केले.

हा हिशेब केवळ दंडाचा नाही. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत केली. तो धूर सर्वांत आधी जातो चालक, हमाल, मिस्त्री आणि नाक्यावरचा पोलीस यांच्या छातीत, आणि मग तुमच्याआमच्या. फिल्टर वेळेवर बदलणे हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न राहू नये, तो करारात लिहिलेला असावा, अशी मागणी आम्ही त्या दिवसापासून करीत आलो आहोत. पुढच्या वेळी काशिमिऱ्याच्या नाक्यावर एखादी गाडी धूर सोडताना दिसली, तर चालकाला शिवी देण्याआधी धुराचा रंग पाहा, आणि गाडी कुणाची आहे तेही विचारा.